आधी आवाज, मग मशीन

सँपलर कुठला घ्यायचा, हा प्रश्न आपण उलटा विचारतो. एसपीडी-एसएक्स की एसपी-404, मेमरी किती, सेकंडहँड कितीला मिळेल? त्यात काय वाजवायचं, हे कुणी विचारतच नाही.

लग्नसराईत शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडून गेवराईकडे जा. वराती बदलतात, ऑक्टापॅडचा ठेका तोच राहतो. याला वाजवणारा जबाबदार नाही. रोलँडचा एसपीडी-20 हा 1998 चा. आत शेकडो आवाज आहेत, पण बाहेरचा एकही भरता येत नाही. 2010 मध्ये आलेल्या एसपीडी-30 चीही तीच गत. ही मशीनं भक्कम आहेत, पण ती सँपलर नाहीत. त्यांतली ढोलकी कंपनीने निवडलेली आहे, आपण नाही.

म्हणून पहिली कसोटी एकच: मशीनला आपला आवाज घेता येतो का? एसपीडी-एसएक्सला येतो. नऊ पॅड, काठीने वाजवायचे. म्हणजे वरातीच्या गाडीवर हाच कामाचा. एसपी-404 एमके-टूचे पॅड बोटांचे. घरी बीट बनवायला तो उत्तम, आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी काम थांबत नाही. एमपीसी वनही बोटांचाच, पण त्याला लाइट हवीच. काठी की बोटं, हे ठरलं की अर्धी चर्चा संपते.

उरली मेमरी. हलगीचा एक ठोका दोन सेकंदांचा धरला, तर सीडीच्या दर्जात, मोनोमध्ये तो 180 केबीपेक्षा कमी जागा घेतो. शंभर ठोके 18 एमबीत बसतात. एसपीडी-एसएक्समध्ये दोन जीबी आहेत. जागा कधीच कमी नव्हती, कमी आहे ती रेकॉर्ड करायची तयारी.

'पब्लिकला तोच ऑक्टापॅड लागतो,' असं सांगतात. याच पब्लिकच्या आज्या-पणज्या हलगीवर नाचल्या. जाळावर शेकून ताणलेल्या कातड्याचा तो कडक आवाज, संबळावर वाकड्या काठीने निघणारा घुमारा, हे कुठल्याही फॅक्टरी बँकेत आपल्या गावासारखं मिळणार नाही. हळू, मध्यम, जोरात असे वेगवेगळे ठोके घ्या. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला की हलगीचं टाइपरायटर होतं.

पण इथेच खरी गोम आहे. ऑक्टापॅड आला आणि हलगीवाल्याची सुपारी गेली. आता त्याचा आवाजही चहा पाजून फुकटात नेणार असू, तर ही दुसरी लूट आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाजवायला बोलावलं आणि जेवायला वेगळं बसवलं, त्यांच्याच हातचं हे काम आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 38 कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतं. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब सोपा आहे: ज्या सँपलरला हजारो रुपये मोजता, त्याच बजेटमध्ये रेकॉर्डिंगच्या दिवसाचं मानधन धरा. परवानगी लिहून घ्या. यूट्यूबवर गाणं टाकाल तेव्हा वादकाचं नाव तुमच्या नावाशेजारी द्या.

एवढे पैसे उरत नसतील, तर स्वस्त मॉडेल घ्या. तडजोड मशीनमध्ये करा, माणसात नको.