‘बैजू बावरा’ कोणत्या रकान्यात?

आमच्या मंडळाने यंदा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक जुना बोलपट दाखवावयाचे ठरविले आहे. त्यासाठी एक लहानसे पत्रक छापावयाचे आहे. चित्रपटाचे नाव, साल, दिग्दर्शक, संगीत आणि प्रकार असे त्यात पाच रकाने. पहिले चार रकाने कोणीही भरील. पाचवाही बहुतेक ठिकाणी सहज भरला गेला. ‘संत तुकाराम’ म्हणजे संतपट, ‘कुंकू’ म्हणजे सामाजिक, यात वाद तो कसला? गाडी अडली ती ‘बैजू बावरा’पाशी. एकाने ‘ऐतिहासिक’ म्हटले, दुसऱ्याने ‘संगीतप्रधान’, तिसऱ्याने ‘भक्तिपट’. बैठकीस आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सर्वांना गप्प केले. त्या म्हणाल्या, “अहो, शेवटी दोघेही यमुनेत बुडतात. ही प्रेमकथा नाही तर काय?” चहा गार झाला. चिटणीस म्हणाले, “मास्तर, हा तुमच्या घरचा विषय. तुम्हीच काय ते लिहून द्या.”

विषय घरचा आहे खरा, आणि म्हणूनच अवघड. एका रकान्यासाठी एवढा खल कशाला, असे कोणास वाटेल. परंतु संगीत शिकविणाऱ्यास तसे वाटत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. पेटीवर बोट ठेवून पाहिले तर तिळमात्र फरक नाही. पण एकाचा वादी गंधार आणि वेळ रात्रीची, दुसऱ्याचा वादी धैवत आणि वेळ सकाळची. ज्याने भूप ऐकावयाची तयारी करून कान लावला आहे, त्याच्यापुढे देशकार गाइला तर तो गाणाऱ्यासच चुकला म्हणेल. चित्रपटाचेही तसेच. डाकू, नावाड्याची मुलगी, गुरूचा आश्रम, बादशहाचा दरबार हे स्वर सर्वांस ठाऊक आहेत. प्रश्न असा की हा चित्रपट ठाण मांडतो तो कोणत्या स्वरावर?

प्रथम ‘ऐतिहासिक’ हा शब्द निकालात काढू. ग्वाल्हेरकरांस हे सांगणे न लगे, की परंपरेने बैजूचे नाव जोडले जाते ते राजा मानसिंह तोमराच्या पदरच्या गुणीजनांत. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९५० सालच्या ‘मृगनयनी’ कादंबरीतही तो तेथेच आहे. मानसिंह १५१६ साली वारला. तानसेन रीव्याच्या राजा रामचंद्राकडून अकबराकडे गेला तो १५६२ च्या सुमारास. मधली शेचाळीस वर्षे चित्रपटाने एका ढांगेत ओलांडली. ज्या बैजूने मानसिंहाला धृपद ऐकविले, तो अकबराच्या दरबारी पोहोचेपर्यंत काठी टेकत आला असता. भारतभूषणांसारखा देखणा तरुण खास नसता. किल्ल्याखालचा गुजरी महाल रोज दृष्टीस पडतो त्या गावात तरी या चित्रपटापुढे ‘ऐतिहासिक’ असे छापू नये.

‘संगीतप्रधान’ हा शब्द खोटा नाही, पण पोकळ आहे. आपल्याकडे गाण्यांवाचून चित्रपट होतो कोठे? तरीही एक कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. आदल्याच वर्षीच्या, म्हणजे १९५१ च्या, ‘आवारा’तील सारी गाणी काढून टाका. चित्रपट रुक्ष होईल, पण कथा उभी राहील. ‘बैजू बावरा’तून गाणी काढली तर कथा जागच्या जागी कोसळते; कारण येथे बाप मरतो गाण्यापायी, सूड उगवावयाचा तो गाण्याने, आणि क्षमा मिळते तीही गाण्यानेच. गाणे येथे कथेचे अलंकरण नव्हे, कथेचा हमाल आहे. नौशादांनी बांधलेला मालकंस, रफींचा गळा आणि शकील बदायुनींचे शब्द यांवर इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालीत नाही.

‘भक्तिपट’ म्हणणाऱ्यांशी मात्र थोडा वेळ थांबून बोलले पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दिग्दर्शक विजय भट्ट यांचा हात बसला होता तो पौराणिक चित्रपटांवर. ‘भरत मिलाप’ १९४२ चा, ‘रामराज्य’ १९४३ चा. मूर्तीच्या डोळ्यांत पाणी यावे, दगड पाझरावा, ही भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली. पण संतपटातील संताला काही नको असते. प्रभातच्या तुकोबांना विमान आले तेही त्यांनी मागविले नव्हते. आमच्या बैजूला मात्र पहिल्या काही मिनिटांपासून एक गोष्ट हवी आहे, ती म्हणजे तानसेनाचा प्राण. तानसेनाच्या पहारेकऱ्यांनी गाण्यास मज्जाव केला, त्या झटापटीत बाप गेला, आणि मरताना त्याने पोराकडून सूडाचे वचन घेतले. हरिदास स्वामींपाशी विद्या मागावयास गेलेला शिष्य मनात सुरी घेऊन बसला आहे. दरबारातील सामना जिंकल्यावर तो जेव्हा तानसेनाचे प्राण मागून घेतो, त्याच क्षणी चित्रपट सूडकथेतून उठून संतपटात जाऊन बसतो. मात्र तोवर चित्रपट संपत आलेला असतो. शेवटच्या तिहाईवरून रागाचे नाव ठरवीत नाहीत.

आता मूळ स्वराकडे येतो. माझ्या मते हा चित्रपट ठाण मांडतो तो दरबारातील त्या सामन्यावर. डोळे मिटून तो ऐकावा, कारण पडद्यावर जे दिसत नाही ते त्यात ऐकू येते.

राग देसी. तानसेनासाठी गाइले उस्ताद आमीर खाँ, बैजूसाठी पंडित द. वि. पलुस्कर. आमीर खाँसाहेब इंदूरचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारी वादक होते. म्हणजे तानसेनाचा आवाज एका दरबारी कलावंताच्या मुलाचा! आणि बैजूचा आवाज कोणाचा? ज्या विष्णु दिगंबरांनी मिरजेच्या संस्थानाचा आश्रय सोडला, तिकीट लावून सर्वांसमोर गाणे केले आणि १९०१ साली लाहोरात लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय उघडले, त्यांच्या मुलाचा. एक आवाज राजवाड्याच्या देवडीतून आलेला, दुसरा सार्वजनिक सभागृहातून. नौशादांनी हे मनात धरून गवई निवडले असे मी म्हणत नाही. पण निवडले ते असे निवडले.

त्यात आणखी एक गंमत अशी, की पलुस्करांची गायकी आपली, ग्वाल्हेरची. हस्सू खाँकडून वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर, आणि पुढे विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्याकडून दत्तात्रेय, अशी ही विद्या लष्करातून दक्षिणेत गेली, आणि पडद्यावर परत आली ती ग्वाल्हेरातच चिरनिद्रा घेणाऱ्या तानसेनाला हरवावयास. त्याच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळून गळा गोड होतो असे मानणाऱ्या आम्हा लोकांनी कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात?

आणि हेही पाहा. गावात, देवळात, नदीकाठी बैजू गातो तो रफींच्या गळ्याने. दरबारात येताच त्याचा गळा बदलतो आणि पलुस्कर गाऊ लागतात. प्रेक्षकांना हे कधी खटकले नाही. तानसेनाची भूमिका करणारे सुरेंद्र तर स्वतः गाणारे नट. १९४६ च्या ‘अनमोल घडी’त ते आपल्याच गळ्याने गाइले होते. सहा वर्षांनी त्यांना गायकश्रेष्ठाची भूमिका मिळाली ती केवळ ओठ हलविण्यासाठी. पार्श्वगायनाचे युग आले होते. गाणाऱ्या नटाचा जमाना मावळत होता. पडद्यावर हरणारा तानसेन आणि पडद्यामागे मुका झालेला सुरेंद्र हे दोघे एकाच चौकटीत उभे आहेत.

येथे मला अण्णांविषयी लिहिले पाहिजे. अण्णा म्हणजे माझे वडील. मी त्यांचे उतारवयातील अपत्य. आजोबांच्या जागेवर दरबारात त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. थोरांच्या मागे बसून तंबोरा छेडणे एवढेच काम. वर्ष झाले न झाले तोच २८ मे १९४८ रोजी मध्यभारत झाला. यादीतील नावे एकेक करून गळत गेली. पुढे त्यांना मुलींच्या एका शाळेत सकाळच्या प्रार्थनेला पेटी वाजविण्याची नोकरी लागली आणि तीतच केस पिकले. ‘बैजू बावरा’ १९५२ च्या ऑक्टोबरात आला. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे. त्याच साली केसकरांनी आकाशवाणीवरील सिनेगीतांना चाप लावला होता. तेव्हा एकीकडे नवा सरकारी दरबार भरत होता आणि दुसरीकडे थेटरात लोक जुना दरबार हरताना पाहून रडत होते.

मला अण्णा हा चित्रपट शिकवीत, पाहू देत नसत, असे म्हटले तरी चालेल. आमीर खाँसाहेबांचा पूरिया धनाश्री तबकडीवर लावून ते माझ्याकडून निषाद घासून घेत. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना एकदा आम्ही दोघांनी तो दूरदर्शनवर पुरा पाहिला. दगड पाझरला, माझ्या डोळ्यांत पाणी आले. अण्णांचे डोळे कोरडे. म्हणाले, “लष्करात पहिल्यांदा पाहिला तेव्हाही सगळे बैजूकडे बघून रडत होते. मी आपला तानसेनाकडे बघत होतो. हरला, त्याचे काही नाही रे. हार-जीत गाण्यात असतेच. पण प्राण वाचले, आता उद्या सकाळी उठून हा करणार काय?”

चित्रपट याचे उत्तर देत नाही. त्याला बैजूच्या मागे नदीवर जावयाची घाई आहे.

बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एक तरुण सभासद आदराने, पण स्पष्ट बोलले. “मास्तर, हे अण्णासाहेबांचे दुःख आहे, चित्रपटाचे नव्हे.” आक्षेप रास्त आहे. पण मग मी विचारतो, १९४३ साली रणजितचा ‘तानसेन’ आला होता, सैगलांचा. तोच गायक, तोच अकबर, त्याच आख्यायिका. तेथे तानसेन नायक आहे. त्याच्या दीपकाने दिवे लागतात आणि दरबार उजळतो. नऊ वर्षांत त्याच तानसेनाच्या दारी गाणाऱ्यांना मज्जाव करणारे पहारेकरी उभे राहिले, आणि रस्त्यावरच्या गवयाने त्याला हरवून गाण्यावरची बंदी उठवावी असे मागितले. मधल्या नऊ वर्षांत काय घडले हे जुन्या संस्थानी गावांतील वाचकांना मी सांगावे? थेटरात बसलेल्या लोकांना दरबारचे गाणे हवेच होते, दरबार मात्र नको होता. या चित्रपटाने त्यांना नेमके तेच दिले. माझ्या घराला ते महाग पडले, म्हणून ते अन्याय्य होते असे मात्र मी म्हणणार नाही. दरबार राहिला असता तर माझ्या वर्गात आज रिक्षावाल्याची मुलगी यमन घोकीत बसली नसती.

एक गोष्ट अण्णांच्याही ध्यानात आली नव्हती; शिकविता शिकविता ती मला उमगली. चित्रपटातील सर्वांत गाजलेले आर्त गाणे, देवापुढे फोडलेला तो टाहो, दरबारीत आहे. दरबारी कानडा हा तानसेनाने दरबारासाठी केला असे परंपरा मानते. मध्यरात्रीचा, भारदस्त, आंदोलित गंधाराचा हा राग बादशहाच्या गादीसमोर मांडी घालून गावयाचा. चित्रपटात तानसेन तो गात नाही. गातो बैजू, देवळात, फाटक्या कपड्यांनी, तारसप्तकात आवाज चिरेपर्यंत. दरबारीत तारसप्तकाचा एवढा हट्ट अण्णांच्या शिस्तीत बसणारा नव्हता. त्यांनी मला उठवून बाहेर बसविले असते. सामना तर पुढे होतो. तानसेनाची दौलत त्याच्या हातून गेली ती येथेच.

तेव्हा पाचव्या रकान्यात मी पुष्कळ विचार करून एकच शब्द लिहिला, ‘दरबारी’, आणि कागद चिटणीसांकडे धाडून दिला. काल छापखान्यातून पत्रके आली. चिटणीसांना वाटले, मास्तरांनी घाईत रागाचे नाव अर्धेच लिहिले. त्यांनी त्यापुढे ‘कानडा’ जोडून दिले आहे. पाचशे प्रती आहेत. तशाच वाटल्या जातील. खेळ शनिवारी सायंकाळी साडेसहास आहे.