यंत्राला मराठी आयुर्वेद कोण शिकवणार?

भाषेचे संगणकीय प्रतिमान म्हणजे अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता यावा, हे ताडण्यास शिकलेले यंत्र होय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखालील 'भारतजेन' प्रकल्पाने २०२५ साली खास आयुर्वेदासाठी 'आयुरपरम' हे प्रतिमान सादर केले. सुमारे २९० कोटी प्राचलांचे हे प्रतिमान आजच्या मानाने लहानच. परंतु म्हणूनच ते उतरवून घेऊन महाविद्यालयातील एखाद्या सक्षम संगणकावर चालवता व तपासता येते. आम्ही त्याचे स्वागत करतो.

लहानपण हा दोष नव्हे, हे आमच्या जामखेडला निराळे सांगावयास नको. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी येथे आरोग्यप्रकल्प आरंभिला आणि अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर ग्रामीण स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. त्या यशस्वी झाल्या, कारण त्यांना गावाच्या भाषेत शिकवले गेले आणि कोणता रुग्ण पुढे धाडावा याचेही भान दिले गेले.

या दोन्ही कसोट्यांवर हे प्रतिमान अद्याप अपुरे आहे. ते हिंदी व इंग्रजी जाणते. मराठीसाठी ते घडवलेले नाही. आयुर्वेदाच्या प्रश्नसंचावर ते आपल्या आकाराच्या इतर प्रतिमानांहून सरस ठरले, तरी त्याचे गुण ४० टक्क्यांच्या आसपासच आहेत. बीएएमएसला उत्तीर्ण होण्यास ५० टक्के लागतात! 'रस' म्हणजे कोठे चव, कोठे आद्य धातू, तर कोठे पारद, हा विवेक संदर्भानेच येतो. शिवाय चरकोक्त आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांपैकी रुग्णाचे प्रत्यक्ष यंत्राजवळ नाहीच. म्हणून त्याचे स्थान ग्रंथालयात व वर्गात असावे, चिकित्सालयात नव्हे.

मात्र केवळ दोष दाखवून आपले कर्तव्य संपत नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथाचा स्वामित्वहक्क संपतो. शंकरदाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'सारखे ग्रंथ त्यामुळे सर्वांना खुले आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अशा मराठी ग्रंथांचे शुद्ध, संपादित संगणकीय पाठ सिद्ध करण्याचे कार्य हाती घ्यावे आणि पाठशुद्धीसाठी जुन्या पिढीतील वैद्यांनी वेळ द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक तालुक्यातील वैद्यांनी आपल्या कपाटातील जीर्ण ग्रंथांची यादी करूनच या कार्यास आरंभ करावा.