मेळघाटहून परतल्यानंतरचे तीन आठवडे

दसरा झाला की दवाखान्यात एक ठरावीक संवाद सुरू होतो. रक्तदाब मोजून होतो, चिठ्ठी लिहून होते आणि उठता उठता रुग्ण म्हणतो, "डॉक्टरसाहेब, दिवाळीत मेळघाटला जातोय. घाटात उलटी होते, दोन गोळ्या लिहून द्या." मी लिहून देतो. गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, पोट तुडुंब भरून गाडीत बसू नये, पुढच्या बाजूला बसावे आणि मोबाईलमध्ये डोके घालू नये, एवढे सांगितले की त्यांचे समाधान होते. माझे मात्र होत नाही. मला वाटते, यांनी जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारलाच नाही.

पूर्वी दिवाळीची सुटी म्हणजे मामाचे गाव, फार तर पद्मालयाचा गणपती किंवा उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. आता घराघरात गाडी आली, चार दिवसांची सहल परवडू लागली आणि आपल्याच सातपुड्याचे पूर्वेकडचे रान लोकांना दिसू लागले. ही चांगलीच गोष्ट आहे. धुळ्याची मंडळी सुरत-नागपूर महामार्गाने अकोला, अमरावती करीत परतवाड्याहून घाट चढतात. जळगाव-भुसावळकडचे काही जण बऱ्हाणपूरवरून धारणी गाठतात. गुगामल राष्ट्रीय उद्यानाचे ३६१ चौरस किलोमीटरचे रान आणि त्याभोवतीचा मेळघाट व्याघ्र प्रकल्प म्हणजे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पावसाळ्यात उद्यानाचा गाभा बंद असतो, तो ऑक्टोबरात उघडतो. सिपना नदी भरून वाहत असते, साग हिरवा असतो, गवत कमरेएवढे झालेले असते. पाहायला याहून चांगला काळ नाही, हे मी स्वतः पाहून सांगतो.

पण जे डोळ्यांना सुखावते तेच डासांना आणि किड्यांनाही सुखावते. पावसाळा सरल्यावर ओढ्यांचा जोर ओसरतो, खडकांच्या खळग्यांत स्वच्छ पाणी साचून राहते आणि हिवतापाचा डास नेमका अशाच पाण्यात वाढतो. नाल्यातल्या घाणीत वाढतो तो डास निराळा. त्यामुळे "तिथे तर एवढी स्वच्छ हवा, डास कुठून असणार?" हा युक्तिवाद कामाचा नाही. धुळ्याचे एक आजोबा मला म्हणाले होते, "दोन दिन तं जाणं शे, काय व्हई?" दोन दिवस नव्हे, एक रात्र पुरते. डास सूर्यास्तानंतर चावायला लागतो तो पहाटेपर्यंत चावतो. विश्रामगृहाच्या ओट्यावर चांदण्यात गप्पा मारीत बसण्याची वेळ नेमकी तीच!

आणि खरी मेख पुढेच आहे. चावल्याबरोबर काहीही होत नाही. ज्याला आम्ही फाल्सिपेरम म्हणतो, तो मेंदूवर जाऊ शकणारा घातक हिवताप साधारण नऊ ते चौदा दिवसांनी उमटतो. व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार बारा ते सतरा दिवसांनी येतो आणि कधी कधी तर यकृतात महिनोन्‌महिने दडून राहून मग डोके वर काढतो. म्हणजे हिशेब करा. वसुबारसेला जंगलात मुक्काम केला, तर ताप भाऊबीजेच्याही नंतर येणार. तोवर फराळाचे डबे रिकामे झालेले असतात, मुलांची शाळा सुरू झालेली असते, मोबाईलमधले फोटो जुने झालेले असतात. थंडी वाजून ताप आला तर घरचे म्हणतात, "हवा बदलली." कोणालाही मेळघाट आठवत नाही.

म्हणून माझे मत असे, की सहलीचा बेत आखताना शेवटची ओळ "घरी परत" अशी नसावी. त्यापुढचे तीन आठवडेही त्या सहलीचेच समजावेत. घरातल्या दिनदर्शिकेवर परतल्याच्या तारखेपासून एकवीस दिवस मोजून खूण करावी. त्या काळात घरातल्या कोणालाही ताप आला तर डॉक्टरपुढे बसताच पहिले वाक्य उच्चारावे: "आम्ही अमुक तारखेला सातपुड्याच्या जंगलात मुक्कामाला होतो." खोकला, डोकेदुखी, काल काय खाल्ले, हे सगळे त्यानंतर. आणि तीन आठवडे उलटल्यावरही, पुढल्या काही महिन्यांत विचित्र थंडीताप आलाच, तर हे वाक्य विसरू नये.

हे मी इतके ठासून का सांगतो, त्याला एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले. आठ दिवसांचा ताप, डोके फुटेल असे दुखणे, डोळे लाल. दुसऱ्या एका ठिकाणी विडाल तपासणी झाली होती, ती 'पॉझिटिव्ह' आली होती आणि टायफॉईड म्हणून पाच दिवस सलाईनमधून इंजेक्शने चालली होती. ताप हलत नव्हता. गप्पांत कळले, की दिवाळीत चिखलदऱ्याला गेले होते आणि एका माळावर गवतात सतरंजी टाकून सगळ्यांनी भरीत-भाकरी खाल्ली होती. मी त्यांना कपडे सैल करायला लावून नखशिखांत पाहिले. पायजम्याची नाडी बसते तिथे, कमरेवर, एक काळी खपली होती. विडीचा चटका बसल्यासारखी, कडेने लालसर. दुखत नव्हती, म्हणून त्यांना तिचा पत्ताच नव्हता.

हा स्क्रब टायफस. नावात टायफस असले तरी टायफॉईडशी याचे काही नाते नाही. गवता-झुडपांत, उंदीर-घुशी फिरतात अशा जागी, गोचिडीच्या कुळातला एक अतिसूक्ष्म किडा असतो. त्याची अळी माणसाला चावते. टाचणीच्या टोकाहून लहान असल्याने ती दिसत नाही, चावल्याचे कळतही नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात याची साथ आली, माणसे दगावली, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांत हे नाव गाजले. त्याआधीही तो होताच. मोसम पावसाळ्याचा उत्तरार्ध ते हिवाळ्याची सुरुवात, म्हणजे बरोबर आपल्या सहलींचा.

यातली चीड आणणारी गोष्ट ही, की औषध अतिशय स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या. शिक्षकांचा ताप दोन दिवसांत उतरला. पण पेनिसिलीनच्या कुळातली आणि हल्ली सरसकट टोचली जाणारी सेफच्या कुळातली महागडी इंजेक्शने या जंतूवर चालत नाहीत. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर हल्ला होतो आणि मग हिशेब अतिदक्षता विभागाच्या बिलावर जातो. (डॉक्सिसायक्लीन स्वतःच्या मनाने विकत घेऊन खाऊ नका, गरोदरपणात आणि लहान मुलांत निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.)

आता थोडे आमच्या व्यवसायाबद्दल. विडाल ही शंभर वर्षांहून जुनी तपासणी. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच एखादा ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉईडचे शिक्कामोर्तब करणे मला मान्य नाही. टायफॉईड पक्का करायचा तर रक्ताचे कल्चर लागते. पण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. रुग्ण येतो तोच सांगतो, "साहेब, सलाईन लावा, कापूस वेचणीला आलाय, परवा उभा राहिलो पाहिजे." डॉक्टरने पाच मिनिटे प्रश्न विचारले तर याला काही येत नाही असे वाटते आणि बाटली टांगली तर हुशार वाटतो. या घाईत, "गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होता?" हा प्रश्न राहून जातो. त्याला पैसे पडत नाहीत, यंत्र लागत नाही. डॉक्टर विचारत नसेल तर तुम्ही सांगा.

ताप आल्यावर हिवतापासाठी रक्त तपासून घ्या, औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. काचपट्टीवर थेंब घेतात किंवा कार्डावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो. पहिली तपासणी कोरी आली आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा करायची असते. एकदा नाही निघाले म्हणून विषय संपत नाही. तोवर तापासाठी साधी पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन, आयब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा, कारण हा मोसम डेंग्यूचाही आहे आणि डेंग्यूत त्या रक्तस्राव वाढवू शकतात.

जाण्याआधी काय करावे? मच्छरदाणी न्या. गादीखाली नीट खोचली तर तिच्याएवढे स्वस्त रक्षण दुसरे नाही. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम. गवतात थेट बसू नका, लोळू नका, ओले कपडे झुडपांवर वाळत घालू नका. रानातून आल्यावर साबण लावून आंघोळ करा आणि ते कपडे पुन्हा अंगात न घालता गरम पाण्यात टाका. मुलांच्या काखा, जांघा, कंबर, कानांमागे पाहा. काही मंडळी अजून जुन्या सवयीने आठवड्याला क्लोरोक्वीनच्या दोन गोळ्या मागतात. फाल्सिपेरम त्या गोळीला दाद देईनासा झाला आहे. आपल्या देशात आसामात १९७३ सालीच हे दिसून आले. प्रतिबंधक औषध हवेच असेल तर ते दुसरे असते आणि माणूस पाहून ठरवावे लागते, म्हणून आठ दिवस आधी या. निघायच्या सकाळी फोन करू नका. गरोदर भगिनींनी रानातला मुक्काम यंदा टाळावा. त्यांना हिवताप झाला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी गाठ असते.

"उंचावर श्वास लागेल का?" हे ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात. चिखलदरा सुमारे ३६०० फूट. हवा विरळ होऊन त्रास होतो तो साधारण आठ हजार फुटांच्या वर. केदारनाथची धास्ती इथे लागू नाही. मात्र दमेकऱ्यांनी पहाटेच्या गारठ्यासाठी मफलर आणि फवारा जवळ ठेवावा. मधुमेहींची अडचण वेगळीच असते. सफारी पहाटे निघते, न्याहारी टळते, सवयीप्रमाणे गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि रानाच्या मध्यावर घाम फुटून साखर उतरते. गाडीतून खाली उतरता येत नाही, दुकान तर नाहीच. खिशात साखरेच्या पुड्या, बिस्किटे ठेवा. औषधाची वेळ कशी बदलायची ते आधी विचारून घ्या. इन्सुलिन गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका, थर्मासमध्ये न्या. अंधारात पाय टाकताना बॅटरी आणि बूट हवेतच. साप चावला तर आवळून बांधणे, कापणे, मंत्र यांत वेळ न दवडता तो पाय न हलवता माणसाला उचलून रुग्णालयात न्या. कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात, तिथे धूर आणि आरडाओरडा नको. पाल किंवा तोरणमाळला जाणाऱ्यांनाही हे सगळे तसेच लागू आहे, ते दिवस सातपुड्यात सगळीकडे सारखेच.

जाताना एक गोष्ट मनाशी असू द्या. ज्या तापाची आपण तीन आठवडे काळजी करणार, त्याच्यासोबत तिथले कोरकू बांधव बारमाही राहतात. धारणी तालुक्यातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उमर घातली, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण अशी माणसे किती? तिथे असतानाच कोणी आजारी पडले तर चिखलदऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, धारणीचे उपजिल्हा रुग्णालय हे आधार आहेत आणि १०८ ची गाडीही आहे, मात्र रानात फोन लागेलच असे नाही, म्हणून मुक्कामी पोहोचताच जवळचे आरोग्य केंद्र कुठे ते वनरक्षकाला विचारून ठेवा. आणि तिथे गेलात तर तातडीचे नसेल तेव्हा रांगेत उभे राहा. कडेवर तापलेले पोर घेऊन पुढे उभी असलेली बाई बहुधा पहाटेच घरून चालत निघालेली असते.