वृत्ती आणि वृत्त

‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका आणि ‘वृत्त’ म्हणजे बातमी. हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘वृत्’ या एकाच धातूपासून निघाले आहेत. व्याकरणातील हे नाते व्यवहारातही खरे ठरते. ज्यास आपली वृत्ती पालटावयाची आहे, त्यास प्रथम वृत्त मिळविण्याची रीत पालटावी लागते. म्हणून या दोहोंचा विचार आज एकत्र करण्याचे योजिले आहे.

१९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि आगाशी, नालासोपारे, पापडी येथील सुशिक्षित तरुणांस मुंबईची कचेरी जवळ झाली. एका कचेरीत लागावे व तेथूनच निवृत्त व्हावे, असा पिढ्यान्‌पिढ्या क्रम पडला. तो क्रम आता राहिला नाही. नोकरी सुटल्याचे घरी सांगवत नाही, म्हणून नित्याप्रमाणे डबा घेऊन सकाळची लोकल गाठणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे होते. वय पंचेचाळीस, घरी वृद्ध आईवडील, दोन मुले आणि धाकट्या भावाचे कुटुंब. तीन महिने ते चर्चगेटपर्यंत जात व सायंकाळी परत येत. नोकरी जाण्यापेक्षा ही चोरटी ये-जा मनुष्यास अधिक झिजविते.

वृत्ती पालटणे म्हणजे कुळास बट्टा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवीत असत. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावी सायकलींचा व्यवसाय केला, नंतर लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्रविद्येचा परिचय त्यांनी नोकरीत असतानाच करून घेतला होता. आधी शिक्षण, मग त्याग, हाच क्रम श्रेयस्कर होय.

असे शिक्षण हल्ली घरबसल्या मिळते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर अनेक विषयांचे पाठ विनामूल्य ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. यंत्रशास्त्र व संगणकशास्त्र यांसाठी आय.आय.टी. संस्थांचा ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. पदवी अपुरी राहिली असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून प्रौढांस आधार देत आले आहे. विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटरांचे अंतर जाता-येता तीन तास घेते. पाठ आदल्या रात्री उतरवून ठेविल्यास तो वेळ सत्कारणी लागेल.

नोकरीच्या शोधार्थ केंद्रीय श्रम मंत्रालयाची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ (२०१५) व महाराष्ट्र शासनाचे ‘महास्वयम्’ ही दोन स्थळे आहेत. दोहोंतही उमेदवारास नोंदणीचे मूल्य पडत नाही. नोकरी डॉट कॉम व लिंक्डइन यांवरील जाहिराती तर उत्तम पाठ्यपुस्तकच समजाव्या. ज्या कामाची इच्छा आहे, त्याच्या वीस जाहिराती वाचून कोणती पात्रता वारंवार मागितली जाते ते वहीत मांडावे. आपल्यात काय आहे आणि काय उणे आहे, हे त्यावरून तत्काळ कळते. राज्य लोकसेवा आयोगाच्या बहुतेक पदांस खुल्या वर्गासाठी ३८ वर्षांची मर्यादा आहे; तेव्हा चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने त्या आशेवर वर्षे दवडू नयेत.

आता वृत्ताकडे वळू. पूर्वी घरात एकच वर्तमानपत्र येई व त्यातील नावडती बातमीही सर्वांच्या दृष्टीस पडे. हल्ली प्रत्येकाच्या हातातील यंत्र त्याची आवड ओळखून त्यास रुचेल तेवढेच वाढते. सुखवस्तू मनुष्याचा यात केवळ वेळ जातो. गरजवंताचा मात्र घात होतो. ‘घरबसल्या पन्नास हजार मिळवा’ अशा मजकुरावर त्याने एकदा बोट ठेविले की तसलाच मजकूर रांगेने पुढे येऊ लागतो. नोकरीपूर्वी ‘अनामत’ अथवा ‘नोंदणी’ म्हणून पैसे मागणारा प्रायः ठकच समजावा. कोणी फसलाच, तर लाज न धरता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

यावर उपाय असा, की यंत्राने आपली आवड ठरविण्याआधी आपण आपला प्रश्न ठरवावा. ‘गूगल अलर्ट्स’ या विनामूल्य सोयीत हवे ते शब्द लिहून ठेविले, म्हणजे त्या विषयावरील नवा मजकूर ई-पत्राने येत राहतो. उदाहरणार्थ, औषधनिर्मितीच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या वसईकराने ‘तारापूर’, ‘बोईसर’, ‘औषध कारखाना’ असे शब्द द्यावे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. अन्न केवळ दक्षिणेकडील गाडीतच आहे असे नव्हे. सरकारी योजनेची वार्ता कानी आल्यास पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती पडताळावी. तेथे मराठीतही पत्रके मिळतात.

शेवटी वडीलधाऱ्यांस एक विनंती. संकेतस्थळे कितीही असोत, ती उघडण्यास स्वस्थ चित्त लागते, आणि ते देणे घराच्या हाती आहे. ‘बांधलेली नोकरी का सोडलीस?’ असे विचारण्याऐवजी ‘पुढे काय शिकतोस?’ असे विचारावे. रविवारी सर्वांनी एकत्र बसून वीस जाहिरातींची ती वही पाहावी. सून हिशेबात निपुण असेल, पुतण्यास इंग्रजी पत्र लिहिता येत असेल; एकत्र कुटुंबाचा उपयोग अशाच वेळी व्हावयाचा. ज्या घरी खरे वृत्त सांगता येते, त्या घरच्या कर्त्या मनुष्यास रिकामा डबा मिरवीत चर्चगेट गाठावे लागत नाही.