हातात सुई होती, दिला हातोडा

१९६९ साली कच्छात दुष्काळ पडला होता. धाणेटी गावात अन्नछत्र चालू होतं. मदतीला गेलेल्या चंदा श्रॉफ यांना तिथल्या बायकांनी सांगितलं, फुकटचं नको, काम द्या. श्रॉफ यांनी भरतकामासाठी तीस साड्या दिल्या आणि मुंबईत विकल्या. ‘श्रुजन’ ही संस्था त्यातून उभी राहिली.

तीनच वर्षांनी, १९७२ला, दुष्काळ आपल्या दारात आला. दुष्काळी कामांवर मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. अहमदपूर, जळकोट, मुखेड, कंधारच्या बंजारा तांड्यांवरच्या याडींनाही, म्हणजे आयांनाही, दुसरं काही मिळालं नाही. त्या कामांनी जीव जगवले, त्याबद्दल वाद नाही. पण भरतकाम हेही काम आहे, तेही हजेरीपटावर मांडता येतं, हे कुणाला सुचलं नाही. सरकारला नाही सुचलं, ते सोडा. भरतकामाच्या धंद्यातल्या आपल्याला तरी आज कुठे सुचतंय?

बंजाऱ्यांची मुळं मारवाडाकडची. लदेणीच्या बैलांवर मीठ-धान्य लादून हे लोक दख्खनेत उतरले. रेल्वेनं लदेणी बुडवली, सुई टिकली. तिचं कसब पाहायचं तर जुना गणो हातात घ्यावा. घागरीखालच्या चुंबळीला जोडून मानेमागे रुळणारा हा भरलेला पट्टा. कडेनं कवड्या, त्यांची पाठ फोडून सपाट केलेली, म्हणजे सुई आरपार जाते आणि कवडी कापडाला चिकटून बसते. आरशाला भोक नसतंच. त्यावर आडवे-उभे दोरे ताणून जाळी धरायची आणि त्या जाळीलाच टाके घालत गोल फिरायचं. बऱ्याच जुन्या कामात छापाची रेघही नसते, जाड्याभरड्या सुती कापडाचे ताणे-बाणे मोजत नक्षी पुढे सरकते. त्याच बाईला पॉलिस्टर द्या, मोजायला धागाच दिसत नाही. मग नक्षी ढोबळ होते, आरसा डिंकानं चिकटतो आणि आपणच म्हणतो, आता पूर्वीसारखं काम राहिलं नाही! कापड कुणी निवडलं होतं?

दुसरी गोष्ट जुन्या मालाची. लग्नातले फेटिया (घागरे), कांचळ्या (चोळ्या) पडत्या भावात उचलायच्या, कापायच्या आणि पर्सवर लावून ‘व्हिंटेज’ म्हणून विकायच्या. यात नफा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण नवीन मुलीला दाखवायला उद्या नमुना उरणार नाही. निदान कात्री लावण्याआधी पुढून-मागून फोटो काढा, टाक्याचं गोरबोलीतलं, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतलं, नाव विचारून लिहून ठेवा.

ही नोंद पुढे कामालाच येणार आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी (म्हणजे बंजारा) भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० बैठकीच्या वेळी तिथल्या साडेचारशेहून अधिक जणींच्या हातच्या १७५५ वस्तू मांडून गिनीज विक्रमही झाला. ते नाव संडूरचं आहे. आपल्या मालावर ते लावता येणार नाही. आपलं मानांकन हवं असेल तर कारागिरांची संघटना आणि कामाचा पुरावा, दोन्ही लागतं. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, आनंदच आहे, पण मजुरीचा हिशेब संग्रहालय मांडत नसतं.

तो आपण मांडायचा. नगावर भाव ठरवणं बंद करा. एक गणो भरायला किती तास लागले, हे बाईकडूनच वहीत लिहून घ्या आणि तासाची मजुरी शेतातल्या रोजापेक्षा कमी पडत असेल तर तो माल घेऊच नका. ग्राहक महाग म्हणेल. म्हणू द्या, त्याला भरतकामाची उलटी बाजू दाखवा.

आणि वेळेचं भान ठेवा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या भरतात. तांडा परततो तो उन्हाळ्यात. दिवाळीचा माल ऑगस्टमध्ये मागितला तर बाई निंदणी-खुरपणीत असते. तो एप्रिल-मेमध्ये सुरू करायला हवा, हाताला काम नसतं तेव्हा. मुकादम उचल देतो म्हणून जोडपं कारखान्यावर जातं. आपण मात्र माल विकला गेल्यावर पैसे देतो. यंदा दसऱ्याआधी आगाऊ रक्कम आणि कापड-दोरा घेऊन कोण तांड्यावर जाणार आहे, ते आम्हाला कळवा. त्यांची नावं पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.