पैसे दोनाचे, डबीत चार

बाजारातून आणलेल्या वस्तूत, मोजल्या पैशांहून अधिक काही निघाले तर ते कुणाचे? शहाळ्यात पाणी जास्त निघाले म्हणून शहाळेवाल्याने मागाहून वरचे पैसे मागितल्याचे ऐकिवात नाही. पण वस्तू म्हणजे संगणकाचा प्रोसेसर असेल आणि त्यातले ‘अधिक’ बनवणाऱ्यानेच जाणूनबुजून बंद करून ठेवलेले असेल, तर? २००९ साली हा प्रश्न जगभरच्या संगणकवेड्या तरुणांपुढे आला. त्यांनी त्यावर परिसंवाद न भरवता तो स्वतःपुरता सोडवून टाकला. प्रश्न मात्र मिटला नाही. तो आता मोटारीपर्यंत येऊन पोचला आहे.

झाले असे. प्रोसेसर हा संगणकाचा हिशेबनीस. पूर्वी एका डबीत एकच हिशेबनीस बसे, पुढे दोन, तीन, चार बसू लागले. यातल्या प्रत्येकाला ‘कोअर’ म्हणतात. अमेरिकेतील एएमडी कंपनीने २००९ मध्ये ‘फेनॉम टू’ मालिकेत चार कोअरचा ‘एक्स-४ ९५५’ आणला २४५ डॉलरला आणि दोन कोअरचा ‘एक्स-२ ५५०’ आणला १०२ डॉलरला. गंमत अशी, की दोन्हींच्या पोटात सिलिकॉनचा तुकडा एकाच जातीचा: २५८ चौरस मिलिमीटरचा, पंचाहत्तर कोटींवर ट्रान्झिस्टर बाळगणारा. स्वस्त डबीतही हिशेबनीस चारच होते. त्यातले दोन कोंडून ठेवलेले होते, इतकेच.

यात लबाडी होती असे म्हणवत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर असे दोनशेहून अधिक तुकडे एकदम तयार होतात आणि त्यांत काही सदोष निघतातच. एखाद्याचा एकच कोअर बिघडला असेल तर अख्खा तुकडा फेकण्यापेक्षा तेवढा कोअर बंद करून बाकीचा स्वस्तात विकावा, यात कंपनीचे भले आणि गिऱ्हाइकाचेही. आंबेवाला डागी आंबे वेगळे काढून कमी भावाने देतो, तसेच हे. परंतु कारखान्याचा हात जसजसा बसतो, तसतसे डागी तुकडे कमी होत जातात; स्वस्त मालाची मागणी मात्र तशीच राहते. मग काय करायचे? चांगला आंबाच डागीच्या टोपलीत टाकायचा! धडधाकट कोअरला कुलूप लागते ते इथे.

या कुलपाची किल्ली सापडली ती कंपनीच्याच घरात. मदरबोर्डवरील एसबी-७५० या तिच्या २००८ मधील चिपमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन’ अशी एक सोय होती. प्रोसेसर नेमल्यापेक्षा वेगाने पळवला तर तो डगमगू नये, एवढाच तिचा हेतू. बायोसमध्ये ती चालू केली की काही प्रोसेसरांतले झोपलेले कोअर जागे होतात, हे हौशी मंडळींच्या ध्यानात आले. उघडलेला एक्स-२ ५५० आपले नाव ‘एक्स-४ बी५०’ असे सांगू लागे. कंपनीने २०१० च्या एसबी-८५० मधून ही सोय काढून टाकली. तर मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी आपापल्या किल्ल्या घडवल्या! आसुसने तर ‘कोअर अनलॉकर’ असे नावच ठेवले. ज्याचे कुलूप, त्याच्याच धंद्यातल्या सोबत्याने किल्ली विकावी, असा देखावा एरवी पाहायला मिळत नाही.

त्या वर्षी माझ्या भाच्याने असा संगणक जुळवला. “मामा, दोन कोअर फुकट!” तो नाचतच सांगत आला. माझा जन्म बँकेत गेलेला. ‘फुकट’ हा शब्द कानी पडला की मी चष्मा पुसायला घेतो.

“ते बंद कशासाठी केले होते, हे कळायला मार्ग आहे का?”

“नाही ना. लॉटरीच ती.”

बंद पडणारा संगणक एक वेळ परवडला, बिनदिक्कत चुकीची बेरीज करणारा नको. रोकड जुळली नाही तर कॅशियर रात्री उशिरापर्यंत बसून राहतो, पण जुळली नाही हे निदान त्याला कळलेले असते. आजारी कोअर गुपचूप चूक करू शकतो, आणि लग्नाच्या फोटोंची फाईल बिघडल्याचे वर्षाने कळते. त्यात या युक्तीनंतर कोअरचे तापमानही नीट वाचता येत नसे, म्हणजे तापकऱ्याच्या काखेतला थर्मामीटरच काढून घेतलेला. भाच्याने रात्रभर चाचणी चालवली. तिसरा कोअर टिकला, चौथ्याने पहाटे मान टाकली. चौथ्याला पुन्हा झोपवून तो तिघांवर खूश राहिला.

माझ्या मते त्याने चोरी केली नाही. वस्तू विकली, पैसे घेतले, व्यवहार संपला. कंपनीने वचन दोघांचे दिले होते, तेव्हा हमीही दोघांचीच. उरलेले दोघे बँकेच्या लिलावातल्या मालासारखे, ‘जसे आहे, जिथे आहे’. मात्र तोच संगणक त्याने ‘चार कोअरचा’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारला असता तर ती शुद्ध फसवणूक झाली असती.

कंपन्यांचीही बाजू आहे. महागडे गिऱ्हाईक संशोधनाचा खर्च उचलते, म्हणून विद्यार्थ्याला स्वस्त माल मिळतो. ते खरेच आहे. पण एकोणिसाव्या शतकात द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने आगगाडीबद्दल एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते: तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसते ते छपराच्या खर्चापायी नसते असे नाही, दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून नसते. बंद कोअर हे त्याच जातीचे.

इथवर मी सोसतो. सोसवत नाही ते पुढचे. इंटेलने २०१० मध्ये एका पेंटियमची दडवलेली क्षमता उघडण्यासाठी ५० डॉलरचे कार्ड विकून पाहिले, आणि पुढच्याच वर्षी तो नाद सोडला. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत मोटारीत आधीच बसवलेल्या गरम आसनासाठी महिन्याचे भाडे मागितले. ओरड झाली, २०२३ मध्ये माघार घेतली. टेस्लाच्या काही मोटारींत बॅटरी ७५ किलोवॅट-तासांची, पण वापरायला ६० चीच मुभा. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडावर इर्मा वादळ आले, तेव्हा माणसांना दूर पळता यावे म्हणून कंपनीने दुरूनच ते कुलूप काही दिवसांपुरते उघडले. अनेकांनी कौतुक केले. मला मात्र त्या मोटारमालकाचे नवल वाटते. तो ते वजन रोज आपल्याच मोटारीतून वाहत होता, आणि वादळात मिळालेली सवलत मुदत संपताच परत गेली.

औषधाच्या पाकिटावर घटक छापावे लागतात. प्रोसेसरच्या पेटीवरही ‘आत चार, चालू दोन’ एवढे छापायला जागा असते. आणि बंद असलेले दोन डागी म्हणून बंद आहेत की भावासाठी, हेही त्याखाली एका ओळीत बसेल.