एका दिवसाची सहल : खाडी आणि देऊळ

सुटीचा दिवस आला कीं कल्याण-डोंबिवलीकडील बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो : जावें कोठें? लांबच्या प्रवासास खर्च फार, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांना मानवेल असें स्थळ सांपडणें कठीण. चीन देशांतील चेंगडू शहरीं प्रवासी वाटाड्याबरोबर सकाळीं पांडा पाहतात आणि दुपारीं जुनीं मंदिरें. तशी सहल आपल्या ठाणें जिल्ह्यांतहि सहज घडण्यासारखी आहे.

प्रथम ऐरोलीस जावें. ठाण्याहून वाशीकडील गाडी तेथें पोंचविते. तेथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून माहीतगार मनुष्यासह होडींतून खाडीचें दर्शन घडतें. फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून अगोदर चौकशी करून जागा राखून ठेवावी. खाडीचा सुमारे १६९० हेक्टरांचा प्रदेश २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें, म्हणजे फ्लेमिंगोंचें, अभयारण्य ठरला. २०२२ सालीं त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत स्थान मिळालें. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथें हजारों रोहित उतरतात. हा पक्षी मान वांकवून, चोंच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यांतील सूक्ष्म शेवाळ व जीव खातो, हें मुलांना मुद्दाम दाखवावें. त्याचा गुलाबी रंग उपजत नसतो. पिल्लू करडें असतें, आणि रंग येतो तो आहारांतून. माणसाला संगतीचा गुण लागतो, तसा या पांखराला अन्नाचा!

दुपारीं ठाण्यास परतून मासुंदा तलावाकांठीं कौपिनेश्वराचें दर्शन घ्यावें. पेशवाईंत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं हें देवालय सुमारें १७६० सालीं बांधविलें. जवळच कोठें सावलींत शिदोरी सोडावी व कर्जतकडील गाडी धरावी.

अंबरनाथचें शिवालय हा या दिवसाचा कळस. शिलाहार राजांनीं बांधविलेल्या या देवळांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. बांधणी भूमिज पद्धतीची. आंत जाण्यापूर्वीं बाहेरून एक प्रदक्षिणा सावकाश करावी. भिंतीवरील मूर्ति म्हणजे दगडांत लिहिलेला ग्रंथच आहे. गाभारा सभामंडपाहून खोल असून पायऱ्या उतरून जावें लागतें, तेव्हां वडील मंडळींना तरुणांनीं हात द्यावा.

येथपर्यंत सारें रम्य. परंतु देवळाशेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीकडे वाटाड्या बहुधा बोट दाखवीत नाहीं. कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें तिची जी दशा झाली आहे, ती पाहवत नाहीं. ही नदी कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हासच्या खाडीला ठाण्याजवळ एक चिंचोळा फांटा ठाणें खाडीशीं जोडतो. म्हणजे सकाळचा पक्षी आणि संध्याकाळचें देऊळ हे दोन निराळे विषय नव्हेत. दोहोंना बांधणारें पाणी एकच आहे. सांडपाण्यानें शेवाळ वाढतें व त्यावर रोहितांचें पोषण होतें, असें कांहीं अभ्यासक मानतात. तें खरें धरलें तरी आपल्याला निश्चिंत होतां येत नाहीं. पोसणारें पाणी मर्यादा ओलांडल्यावर मारक होण्यास वेळ लागत नाहीं. शिवाय शहराची इतर संकटें आहेतच : मे २०२४ मध्यें घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून सुमारें ४० रोहित प्राणांस मुकले.

यासाठीं कुटुंबप्रमुखांना विनंति अशी, कीं मुलांना नदी चुकवून देऊळ दाखवूं नका. दोन्ही दाखवा. 'ही नदी अशी कां झाली?' असें मूल विचारील, तेव्हां 'चल पुढें' म्हणून त्याला गप्प बसवूं नका. ज्यांनीं हें देवालय उभारलें त्यांनीं तें नदीच्या कांठीं उभारलें. देऊळ आपण जपलें आणि नदी सोडून दिली, तर त्यांचें अर्धेंच काम राखल्यासारखें होईल. नगरपालिकेकडे अर्ज करणें, कारखानदारांना जाब विचारणें हीं कामें मोठ्यांचीं खरीं. परंतु तीं करणारा नागरिक अशाच एखाद्या सहलींत घडत असतो.